घरबसल्या कोर्स की पालकांचा गट?

मुलाला नुकतंच ऑटिझमचं निदान झालेल्या एका ताईंचा प्रश्न: जागतिक आरोग्य संघटनेचं पालक-प्रशिक्षण ऑनलाइन करू की गटात? दोन्ही २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठीच.

खर्च: ऑनलाइन फुकट. गटाची ९ सत्रं, शिवाय ३ गृहभेटी. म्हणजे रजा, रिक्षाभाडं आलंच.

शिकणं: खरा फरक इथे. ‘मुलासमोर खाली बसा, त्याच्या खेळात सामील व्हा’ हे व्हिडिओतही कळतं. पण तो गाडीचं चाकच फिरवत बसला की आपण हटकून ‘रंग कोणता? सांग ना!’ सुरू करतो. खेळात सामील होण्याऐवजी प्रश्न विचारायची ही चूक घरी आलेला प्रशिक्षकच पकडतो.

चिकाटी: एकट्याने केलेला कोर्स मध्येच सुटतो (कुठलाही, म्हणा).

जवळपास गट असेल तर तोच घ्या. गावात सोय नसेल किंवा शिफ्टची नोकरी असेल तर ऑनलाइन करा, आणि सरावाचा व्हिडिओ काढून थेरपिस्टना दाखवा.