उंदराच्या गर्भाचा मेंदू: गोठवून कापावा की न गोठवता?

विकसनशील मेंदूवर इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या अँटिबॉडीने ऊतीतील प्रथिने दाखवण्याची पद्धत) करायचे ठरले की अँटिबॉडीच्या निवडीवर पुष्कळ खल होतो. काप कोणत्या यंत्रावर घ्यायचे, हे मात्र बहुधा जे यंत्र मोकळे असेल त्यावर ठरते. क्रायोस्टॅट (गोठवलेली ऊती कापणारे यंत्र) आणि व्हायब्रेटोम (न गोठवता थरथरत्या पात्याने कापणारे यंत्र) यांचे काप वेगवेगळ्या प्रश्नांना उपयोगी पडतात, म्हणून आधी आपला प्रश्न नक्की करावा.

१४.५ दिवसांच्या गर्भाचा प्रमस्तिष्क बाह्यक घ्या. निलयालगत (मेंदूतील द्रवाच्या पोकळीलगत) पॅक्स६ हे प्रथिन दाखवणाऱ्या रेडियल ग्लिया या मूळ पूर्वपेशी, त्यांच्या वर टीबीआर२ दाखवणाऱ्या मध्यस्थ पूर्वपेशी आणि त्याही बाहेर टीबीआर१ दाखवणारे नवे न्यूरॉन असे थर येथे दिसतात. या पेशी मोजायच्या असतील तर मी निःसंकोच क्रायोस्टॅट सुचवीन, कारण केंद्रके इतकी दाटीने बसलेली असतात की जाड कापात ती एकमेकांवर येऊन मोजणी फसते, तर १० ते २० मायक्रॉनच्या कापात ती सुटी ओळखता येतात. शिवाय एकाच मेंदूचे लागोपाठचे काप अनेक स्लाइडवर वाटून घेता येतात आणि उरलेल्या स्लाइड उणे ८० अंशांवर ठेवून पुढे दुसऱ्या अँटिबॉडीसाठी वापरता येतात. धोका गोठवण्यात आहे. गर्भाच्या ऊतीत पाणी फार असते; ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने ऊती स्थिर केल्यानंतर ३० टक्के सुक्रोजमध्ये मेंदू तळाशी बसण्याआधीच तो ओसीटी या गोठवण्याच्या माध्यमात गोठवला, तर बर्फाच्या स्फटिकांनी ऊतीला जाळीसारखी भोके पडतात, आणि हे नुकसान मागाहून कशानेही भरून निघत नाही.

रेडियल ग्लियाचा निलयापासून पृष्ठभागापर्यंत गेलेला तंतू किंवा स्थलांतर करणाऱ्या न्यूरॉनचा संपूर्ण आकार पाहायचा असेल, तर पातळ कापात त्याचे तुकडेच हाती येतात. अशा वेळी व्हायब्रेटोमवरचे ५० ते १०० मायक्रॉनचे काप आणि एकेका खोलीची प्रतिमा घेणारा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक यांची जोडी घ्यावी. मात्र कोवळा मेंदू ३ ते ४ टक्के अ‍ॅगरोजच्या आधाराशिवाय पात्यापुढे टिकत नाही. १२ व्या दिवसाच्या आसपासचा तर आधार देऊनही सहज फाटतो. जन्मानंतर आठवड्याभराच्या पिल्लाचा मेंदू या यंत्राला कितीतरी सोयीचा. अँटिबॉडी जाड कापात सावकाश शिरते, त्यामुळे पेशीपटल सच्छिद्र करणारे ट्रायटन वापरूनही ४ अंशांवर एक-दोन रात्री द्याव्या लागतात, आणि मध्यभाग फिका राहिला तर त्या खोलीवरची मोजणी ग्राह्य धरू नये.

काही केंद्रकीय प्रथिनांसाठी, विशेषतः टीबीआर२साठी, अँटिबॉडीला प्रथिन सापडावे म्हणून सायट्रेट बफरमध्ये काप तापवणे पुष्कळदा आवश्यक ठरते. त्या उष्णतेने जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची स्वतःची चमक मावळते, म्हणून तिच्यासाठी कोंबडीत तयार केलेली जीएफपी-विरोधी अँटिबॉडी योजावी. तापवताना क्रायोस्टॅटचे काप स्लाइडवरून सुटू शकतात, तर व्हायब्रेटोमचे, द्रावात तरंगते ठेवून रंगवलेले काप वळतात.

पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीचे काप रचनेच्या दृष्टीने सुबक असतात, पण अल्कोहोल, झायलीन आणि उष्णता यांतून ऊतीला जावे लागते. ठोकळे आधीच तयार नसतील तर त्या वाटेला जाऊ नये.

उत्परिवर्ती गर्भ आणि त्याच्याच पिलावळीतील सामान्य गर्भ यांची तुलना करताना एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रंगाची तीव्रता स्लाइडगणिक बदलते, म्हणून दोघांचे काप एकाच स्लाइडवर घ्यावेत; क्रायोस्टॅटवर हे सहज जमते. तरंगते काप एकाच खळग्यात रंगवायचे असतील, तर कापण्यापूर्वीच एका मेंदूच्या कडेला, जिथे मोजणी करायची नाही अशा जागी, बारीक खाच पाडून ठेवावी, म्हणजे दोघांचे काप वेगळे ओळखता येतात.