काजळी दोन दिवसांत चालायला लागली, तिथेच आम्ही फसलो

आमच्याकडे काजळी नावाची कडकनाथ कोंबडी आहे. चार वर्षांपूर्वी ह्यांच्या मध्य प्रदेशातल्याच झाबुआच्या मित्राने ते पिल्लू नातीच्या हातात ठेवलं होतं. कडकनाथ मूळ तिकडचीच, २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. लोक ती खाण्यासाठी पाळतात हे मला माहीत आहे. पण काजळी नातीबरोबर लहानाची मोठी झाली. सकाळी पोह्यांची फोडणी पडली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते. ती घरातलीच आहे, आणि पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

मागच्या श्रावणात ती एक पाय पोटाशी घेऊन उभी राहायला लागली. इंदूरला तेव्हा आठवडाभर पावसाची झड होती. गच्चीवरच्या खुराड्यातला भुसा ओला आणि खाली उघडं सिमेंट. काटा टोचला असेल म्हणून मी हळद लावली. चार दिवसांनी पाय गरम लागायला लागला, बोटांच्या मध्ये सूज दिसली. तळव्याला खपली होती, पण कडकनाथचे पाय काळे, तळवाही काळपट, त्यामुळे डोळ्यांना काही कळेना. बोट फिरवलं तेव्हा मसुराच्या दाण्याएवढं कडक काहीतरी हाताला लागलं.

आता सरळ जनावरांच्या दवाखान्यात का नेलं नाही, ते सांगते. लाज वाटली. कुत्रं-मांजर घेऊन माणसं जातात, कोंबडी घेऊन कोण जातं? शेजारच्या काकू म्हणाल्याच होत्या, ‘अगं, डॉक्टर म्हणेल कापून टाका.’ ते वाक्य मनात बसलं. म्हणून जेव्हा पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या एका दुकानदाराने ‘घरी येणारा पक्ष्यांचा डॉक्टर’ म्हणून नंबर दिला, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. त्या माणसाला आमच्यासारख्यांची ही लाज पक्की ठाऊक होती. आल्या आल्या त्याचं पहिलं वाक्य, ‘आंटीजी, सरकारी अस्पताल ले जाते तो वो इसको काटने का बोल देते. अच्छा किया मुझे बुलाया.’ माझ्याच मनातलं बोलला, आणि मी विश्वास टाकला.

गळ्यात स्टेथोस्कोप, हातात बॅग, बोलणं अगदी गोड. पाय उचलून क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, हाडाचा टीबी आहे, घरात लहान मूल आहे तर सांभाळा. माझ्या पोटात गोळा आला. व्हिजिटचे ५०० घेतले. मग पाच ‘इम्पोर्टेड’ इंजेक्शनांचा कोर्स सांगितला, ४,००० रुपये, सगळे आधी, फोनवरून. पहिलं इंजेक्शन त्याने तिथेच दिलं. भरताना बाटली मुठीत झाकून धरली होती. ते मी पाहिलं, पण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काजळी दोन्ही पाय टेकून चालली. नातीने टाळ्या वाजवल्या. मी देवापुढे साखर ठेवली. त्या आठवड्यात मी त्या माणसाचा नंबर आणखी दोघांना दिला, आणि त्याचं मला आजही सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

पाचव्या दिवशी ती पुन्हा लंगडायला लागली. त्याने दुसरं इंजेक्शन दिलं, पुन्हा दोन दिवस बरी. असं तीनदा झालं. दर वेळी सूज थोडी जास्तच परतायची, पण मधल्या दोन दिवसांमुळे आम्हाला वाटायचं की औषध लागू पडतंय, आजारच चिवट आहे. तोही तेच म्हणत होता. मग म्हणाला, बाहेरच्या मोठ्या लॅबमध्ये कल्चर, म्हणजे जंतू वाढवून तपासणी, करावं लागेल, ३,२०० रुपये. नमुना म्हणून त्याने पंखाचं एक पीस कात्रीने कापलं आणि पाकिटात घातलं. वर हाडं मजबूत करायची पावडर म्हणून बिनलेबलचा पांढरा पुडा दिला, त्याचे १,५००.

आठ दिवसांनी फोनवर रिपोर्ट आला. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. माझ्या मुलाने तो मोठा करून पाहिला, तर प्राण्याच्या रकान्यात ‘केनाइन’ लिहिलेलं. म्हणजे कुत्रा. कुठल्यातरी कुत्र्याच्या रिपोर्टवर आमचं नाव चढवलं होतं. फोन केला तर म्हणाला टायपिंगची चूक आहे. रजिस्ट्रेशन नंबर मागितला, तेव्हा फोन कापला. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

बाटली सापडली ती कचरा वेगळा करताना. आपल्या इंदुरात गाडीत कचरा वेगवेगळा द्यावा लागतो. औषधांची बाटली घरगुती घातक कचऱ्यात टाकायची म्हणून सुक्या कचऱ्यातून बाजूला काढली, तर ती त्याचीच होती. लेबल नखाने खरवडलेलं, पण कडेला ‘मेथासोन’ एवढी अक्षरं शिल्लक होती. ती बाटली पदराला बांधली आणि काजळीला भाजीच्या टोपलीत घालून आम्ही महूला गेलो, तिथल्या पशुचिकित्सा महाविद्यालयाच्या दवाखान्यात. आमच्या घरापासून वीस-पंचवीस किलोमीटर. कापायचं कोणी नावही काढलं नाही. उलट कोंबडी वजनकाट्यावर ठेवताना एक शिकाऊ मुलगी तिच्याशी बोलत होती.

तिथल्या डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि सांगितलं, हे डेक्सामेथासोन, स्टिरॉइड आहे. सूज आणि दुखणं दाबतं, म्हणून पक्षी दोन दिवस चालतो. पण त्याच वेळी शरीराची जंतूंशी लढायची ताकदही दाबतं, आणि पक्ष्यांमध्ये हा परिणाम फार होतो. म्हणजे काजळी चालत होती तेव्हा आत जंतू मोकळेपणाने पसरत होते. औषधाच्या दुकानात ही बाटली अगदी किरकोळ किमतीला मिळते.

टीबी नव्हताच. तळव्याचा साधा पण जुना झालेला जंतुसंसर्ग होता, इंग्रजीत त्याला बंबलफूट म्हणतात. कडक जमिनीवर किंवा उंच दांडीवरून धपकन उडी मारून तळव्याला बारीक जखम होते, ओलाव्याने कातडी मऊ पडते, आणि जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा ते स्टॅफिलोकोकस नावाचे असतात. डॉक्टरांनी पाय कोमट पाण्यात बराच वेळ भिजवला, जागा बधिर केली आणि खपली उचलली. आतून पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट पिवळा गोळा निघाला. पक्ष्यांचा पू माणसांसारखा वाहत नाही, तो आतच घट्ट होतो, त्यामुळे नुसत्या इंजेक्शनने तो जात नाही हे मला तेव्हा कळलं. एक्स-रे काढला, हाड वाचलं होतं. तपासणीचा नमुना त्या जखमेच्या आतून कापसाच्या काडीवर घेतला. पिसावरून जखमेतल्या जंतूंचं कल्चर होत नाही. कुठलं अँटिबायोटिक द्यायचं ते रिपोर्ट आल्यावर ठरलं.

पुढचे सहा आठवडे एक दिवसाआड पट्टी. पाण्यात बेटाडीन टाकायचं, कोऱ्या चहासारखा रंग येईपर्यंत, त्याने जखम धुवायची, मलम, जाळीची पट्टी, वरून चिकटणारी पट्टी, बोटं मोकळी ठेवून. सगळं तिला टॉवेलात गुंडाळून करायचं, हे तिला धरत आणि मी बांधत असे. खुराड्यातली दांडी फूटभरावर आणली, खाली कोरडा भुसा जाड घातला, आणि तो ओला झाला की त्याच दिवशी बदलते. खपली घरी ब्लेडने काढायच्या फंदात मात्र पडू नका, डॉक्टरांनी हे दोनदा बजावलं.

एक गोष्ट अजून रुतून बसली आहे. पहिल्या महिन्यात काजळी मधूनमधून अंडी देत होती आणि नात ती खात होती. औषध चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नसतात, औषधाचा अंश त्यात उतरतो. त्या माणसाने घरात लहान मूल आहे म्हणून मला घाबरवलं, त्याच मुलीच्या पोटात काय जातंय ते मात्र सांगितलं नाही. नातीला काही झालं नाही. पण मी त्याला माफ केलेलं नाही.

एकूण ९,२०० रुपये गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तर त्यांनी आधी विचारलं, पैसे कधी दिले? तीन आठवडे होऊन गेले होते. फोनवरून पैसे दिले आणि फसलात असं कळलं, तर त्याच तासात १९३० ला कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता आले तरच उपयोग. आणि घरी येणाऱ्याला दारातच रजिस्ट्रेशन नंबर विचारा. भारतीय पशुचिकित्सा परिषद कायदा १९८४ चा आहे, त्याप्रमाणे नोंदणी असलेल्यालाच जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करता येतं, आणि आपल्या मध्य प्रदेशाची नोंदणी भोपाळच्या राज्य पशुचिकित्सा परिषदेत असते. खरा डॉक्टर त्या प्रश्नावर रागावत नाही. महूच्या डॉक्टरांना मी विचारलं, त्यांनी केसपेपरवरच्या शिक्क्याखालचा आकडा बोटाने दाखवला. घरून जनावर हलवणं शक्य नसेल तर पशुसंवर्धन खात्याचा १९६२ नंबर आहे.

ज्या दोघांना मी त्या माणसाचा नंबर दिला होता, त्यांच्याकडे स्वतः जाऊन आले. एकाने अजून बोलावलं नव्हतं. दुसऱ्यांच्या पोपटाला त्याने दोन इंजेक्शनं दिली होती. त्यांना बाटली दाखवली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही महूला गेले.