नांगर की रेल्वे?

अमेरिकेच्या पश्चिमेकडची माळरानं कोणी जास्त बदलली, घर थाटणाऱ्या शेतकऱ्यांनी की रेल्वेने? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळे. मात्र पाच वर्षं तिथे राहून ती कसावी लागे. लाकूड दुर्मीळ, म्हणून लोक मुळांसकट गवताची ढेकळं कापून भिंती रचत. १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं आणि मोकळी चराई आक्रसत गेली.

रेल्वेचा घाव जास्त खोल. १८६९ मध्ये युटातल्या प्रोमॉन्टरीला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले. पुढे शिकाऱ्यांनी बायसन, म्हणजे तिथले रानगवे, मारून कातडी रेल्वेने पूर्वेला धाडली. तिथल्या कारखान्यांत त्यांचे यंत्रांचे पट्टे झाले. कोट्यवधी बायसन होते, ते हजाराच्या आसपास उरले. लाकोटांसारख्या तिथल्या मूळ रहिवासी जमातींचं अन्नच तुटलं, हे मला सगळ्यात भीषण वाटतं. माझ्या मते पारडं रेल्वेकडेच झुकतं, कारण शेतकऱ्याचा गहूसुद्धा तिच्याच डब्यांतून बाजारात जाई.