हॉट योगा, तोही नागपुरात

धरमपेठेतल्या एका स्टुडिओत हिवाळाभर हॉट योगा केला, म्हणजे मुद्दाम तापवलेल्या खोलीत आसनं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "काऊन पैसे घालवते बाप्पा? मे महिन्यात गच्चीवर जाय ना, फुकटात होते."

तसं नाही हो. आपला मे कोरडा. घाम आला की उडून जातो, म्हणून तर नागपुरात कूलर चालतो आणि मुंबईत चालत नाही. या खोलीत भिंतीला हीटर, कोपऱ्यात वाफेचं मशीन आणि तापमान चाळीसच्या आसपास. घाम उडतच नाही, नुसता वाहतो, त्यामुळे अंगही थंड होत नाही. पादहस्तासनात वाकलं की हनुवटीवरचा घाम उलटा नाकात शिरतो. मॅटवर टॉवेल अंथरला नाही तर पाय सरकलाच समजा. आणि ओल्या टॉवेलांचा तो वास! खिडकी उघडायची सोय नाही.

क्रम हॉट योगा जगभर नेणाऱ्या बिक्रम चौधरींचाच: 26 आसनं, दोन श्वसनाचे प्रकार, दीड तास. 2015 मध्ये अमेरिकेतल्या अपील कोर्टाने या क्रमावर कॉपीराइट लागत नाही असं सांगितलं.

शिकवणाऱ्या मॅडम मात्र एक नंबर. प्रत्येकाच्या गुडघ्याकडे लक्ष. "अंग तापलंय म्हणून जास्त वाकतंय, ताणू नका," हे त्या सारखं बजावतात, आणि ते खरंच आहे. गरम स्नायू ऐकतात, दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. दिवसभर काउंटरवर उभं राहून आखडलेली माझी कंबर बरीच सैल झाली.

पण ती उष्णतेमुळे झाली का? 2018 मध्ये टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात एका गटाने हीच आसनं 40.5 अंशांवर केली आणि दुसऱ्याने 23 अंशांवर. 12 आठवड्यांनी रक्तवाहिन्यांचं काम दोन्ही गटांत सुधारलं होतं. म्हणजे रक्तवाहिन्यांपुरता तरी गुण आसनांचा, हीटरचं बिल फुकट.

रिसेप्शनवरच्या फलकावर 'टॉक्सिन्स बाहेर, हजार कॅलरी खर्च' असं लिहिलंय. मी मेडिकल चालवते, मला हे वाचवत नाही. घामात पाणी आणि मीठ. शरीरातली घाण काढायला लिव्हर आणि किडन्या बसल्यात. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मोजलं तेव्हा दीड तासात पुरुषांच्या सरासरी 460 आणि बायकांच्या 330 कॅलरी निघाल्या. क्लासनंतर वजनकाटा कमी दाखवतो, ते नुसतं पाणी. तर्री-पोहे खाऊन चहा प्यायला की काटा जागेवर.

आता तक्रार. प्रवेशाच्या वेळी बीपीच्या गोळ्या चालू आहेत का, हे कोणी विचारलं नाही. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे माझ्याकडे रोज येतात. अशा माणसाला त्या खोलीत चक्कर यायला कितीसा वेळ? वर पाणी प्यायचं ते ठरलेल्या वेळीच. समोरच्या रांगेतल्या एक काकू मध्येच मटकन खाली बसल्या. मॅडमनी लगेच बाहेर नेलं, पण तोवर बाटली उघडायला सगळे परवानगीची वाट बघत होते.

पाचपैकी तीन. दोन मॅडमचे, एक डिसेंबरच्या थंडीचा. मार्चपासून पास वाढवला नाही. गरोदर बायकांनी, हृदयाचं दुखणं असलेल्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊच नका. आणि नुसती आसनंच हवी असतील तर रामनगरचं जनार्दन स्वामी योगाभ्यासी मंडळ आहे, तिथे पैसेही घेत नाहीत.