जुनी 85 एमएम, ईओएस आर6 आणि मधलं 24 मिलिमीटरचं कडं

माझ्या जुन्या कॅनन लेन्स आर6 या आरशाविना चालणाऱ्या (मिररलेस) कॅनन कॅमेऱ्यावर बसवायला मी मधे लावायचं कडं, म्हणजे अडॅप्टर, स्वस्तातला घेतला होता. ऐन साखरपुड्याच्या कामात स्क्रीनवर 'एरर 01' आला. लेन्स आणि बॉडीचा संपर्क तुटला की हा येतो. कॉन्टॅक्ट पुसले, थोडं चाललं, परत तेच. विक्रेता म्हणे, "लेन्सच जुनी आहे." तीच लेन्स डीएसएलआरवर (आरशाच्या जुन्या कॅमेऱ्यावर) लावून त्याच्यासमोर फोटो काढून दाखवले, तरी अडॅप्टर बदलून दिला नाही.

आत काच नसते, म्हणून "नुसतं कडंच तर आहे" असं म्हणत स्वस्तातला घेऊ नका. ईएफ माउंट (जुन्या लेन्सची बसायची जागा) सेन्सरपासून 44 मिमीवर असतो, आर6 चा आरएफ माउंट 20 मिमीवर. मधले 24 मिमी नेमके भरले पाहिजेत, शिवाय फोकस आणि अपर्चरचे (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राचे) संदेश न अडखळता पुढे गेले पाहिजेत. माझ्या त्या अडॅप्टरात लेन्स लॉक झाल्यावरही किंचित हलायची. 70-200 ही लांबलचक झूम लेन्स लावली की ही ढिलाई नजरेला दिसायची, आणि मला तर व्ह्यूफाइंडरमधून दुसरं काही दिसेनासं झालं होतं.

शेवटी कॅननचा साधा अडॅप्टर घेतला, कंट्रोल रिंगवाला (सेटिंग बदलायची जादा रिंग असलेला) नाही. पैसे देताना जीवावर आलं होतं. आता मात्र वसूल झाले म्हणतो, ते 85 एमएम एफ/1.8 मुळे. ही 1992 ची लेन्स. डीएसएलआरवर एफ/1.8 ला, म्हणजे अपर्चर पूर्ण उघडं ठेवून, डोळ्यावर फोकस धरला तरी पापणीऐवजी नाक धारदार यायचं, कारण तिथे फोकसचा सेन्सर वेगळा, आरशाखाली. त्याचा मेळ मुख्य सेन्सरशी जरा चुकला की संपलं. मायक्रोॲडजस्टमेंट (कॅमेऱ्यातून फोकस किंचित पुढे-मागे सरकवणं) करून एका अंतरावर जमायचं, दुसऱ्यावर बिघडायचं. आर6 मुख्य सेन्सरवरच फोकस मोजतो. लेन्स तीच, पण नवरीची पापणी न् पापणी मोजावी! वर बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय), जे या लेन्सला कधीच नव्हतं. आरएफ 85 घ्यायचा विचार मी सोडून दिला.

नथीच्या मोत्यांभोवतीची जांभळी कड मात्र राहिलीच. तो काचेचा दोष आहे, एफ/2.8 ला बराच कमी होतो. ईएफ-एस लेन्स (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीची) लावाल तर फ्रेम क्रॉप होऊन 20 मेगापिक्सेलचे आठाच्या आत येतात, त्यामुळे माझी जुनी किट लेन्स मी विकली.

एकच अडॅप्टर दोन लेन्सवर फिरवताना गर्दीत हात अपुरे पडतात. पुढच्या हंगामाआधी दुसरा घेऊन 85 वर कायमचा ठेवणार आहे. नव्या लेन्सपेक्षा तो कितीतरी स्वस्तच पडतो.