बसल्या जागी चालवायची पेडल सायकल आणि रेझिस्टन्स बँड: दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

गुडघे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे ज्यांना चालणे कठीण झाले आहे, पक्षाघातानंतर ज्यांच्या शरीराची एक बाजू कमजोर राहिली आहे किंवा ज्यांचा सगळा दिवस व्हीलचेअरवर जातो, अशा माणसांना वजन कमी करण्याचा सल्ला सगळेच देतात. ते कसे करायचे हे मात्र फार थोडे लोक सांगतात. रोज भरभर चालण्याचा सल्ला ज्याला चालताच येत नाही त्याच्या काहीच कामाचा नाही. अशांसाठी म्हणून जी साधने विकली जातात त्यांपैकी दोन मी बऱ्याच काळापासून नियमित वापरत आहे: खुर्चीत बसून पायांनी किंवा हातांनी फिरवायची लहान पेडल सायकल आणि रबरी रेझिस्टन्स बँड. दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली असल्यामुळे मला फार वेळ उभे राहता येत नाही, त्यामुळे हे परीक्षण व्यायामशाळेत जाणाऱ्याच्या नव्हे, तर खुर्चीतच व्यायाम करावा लागणाऱ्याच्या दृष्टीने लिहिले आहे.

माझे मत आधीच सांगतो. ही साधने वजन उतरवण्यासाठी म्हणून विकली जातात आणि ते काम ती फार थोडे करतात. वजन उतरत असताना स्नायू टिकवण्याचे आणि अंग बांधेसूद ठेवण्याचे काम मात्र ती इतके चांगले करतात की, ज्याला ती सुरक्षितपणे वापरता येतील त्याने जरूर घ्यावीत.

पहिल्या विधानामागचा हिशेब साधा आहे. स्वस्थ बसलेले शरीर दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च करते, आणि बसून हलक्या गतीने पेडल मारताना हा खर्च ढोबळमानाने अडीच ते तीन पट होतो. म्हणजे ८० किलो वजनाच्या माणसाने अर्धा तास पेडल मारले, तर नुसते बसून राहण्यापेक्षा त्याचे ६० ते ८० किलोकॅलरी जास्त खर्च होतात. शरीरातील १ किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. खाण्यात काहीही बदल न करता, रोज अर्धा तास केवळ या सायकलच्या जोरावर एक किलो उतरवायला साडेतीन-चार महिने लागतील. सायकलच्या छोट्या पडद्यावरचा कॅलरीचा आकडा यापेक्षा बराच मोठा दिसू शकतो, पण बहुतेक स्वस्त यंत्रे वापरणाऱ्याचे वजन विचारतच नाहीत. ती केवळ फेऱ्या मोजून एका ठरावीक सूत्राने आकडा दाखवतात. त्या आकड्याकडे पाहून जेवण वाढवणे हा वजन न उतरण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

वजन उतरते ते मुख्यतः आहारातून, आणि आठवड्याला अर्धा ते एक किलो यापेक्षा वेगाने ते उतरवू नये. ज्याची हालचाल मुळातच कमी आहे त्याचा दिवसभराचा खर्चही कमी असतो, म्हणून इतरांना सांगितली जाणारी ५०० किलोकॅलरींची रोजची कपात त्याला फार जड जाऊ शकते. त्याच्यासाठी अर्धा किलोपेक्षाही मंद गती योग्य ठरते, आणि हे प्रमाण आहारतज्ज्ञाकडून ठरवून घेणे चांगले.

इथेच या दोन साधनांची खरी किंमत कळते. केवळ खाणे कमी केले तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. धडधाकट माणसाला ही झीज लगेच जाणवणार नाही, पण जो माणूस हातांच्या बळावर खुर्चीतून पलंगावर सरकतो किंवा कठड्याला धरून उठतो, त्याच्या दंडातले आणि मांडीतले थोडे बळ गेले तरी त्याचे स्वावलंबन जाऊ शकते. वजनकाट्यावर पाच किलो कमी दिसावेत आणि स्वतःच्या बळावर उठणे मात्र थांबावे, हा कुणालाही नको असलेला सौदा आहे. स्नायूंना नियमित ताण आणि आहारात पुरेशी प्रथिने, या दोन गोष्टींनी ही झीज बरीच रोखता येते. मात्र ज्यांच्या मूत्रपिंडांना आजार आहे त्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अपंगत्व असलेल्या प्रौढांसाठीही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. त्याच सूचनांमध्ये असेही स्पष्ट केले आहे की इतका व्यायाम जमत नसेल तरी थोडासा करणे अजिबात न करण्यापेक्षा चांगले, आणि सुरुवात अल्प प्रमाणातच करावी. मला हे वाक्य फार मोलाचे वाटते, कारण पाच-सात मिनिटांत थकणारा माणूस १५० चा आकडा ऐकूनच खचतो.

आता सायकलविषयी. बाजारात तिचे तीन प्रकार दिसतात. सर्वांत स्वस्त प्रकारात लोखंडी नळ्यांची चौकट, दोन पेडल आणि वर एक गोल खुंटी असते. खुंटी पिळली की घर्षणाने पेडल जड होते. ही हलकी असते, घडी घालून ठेवता येते आणि हातांनी फिरवायची झाल्यास टेबलावर ठेवता येते. पण तिचा जडपणा एकसारखा राहत नाही, काही वेळाने खुंटीजवळचा भाग चांगलाच तापतो आणि जोर लावला की ती जमिनीवर पुढे सरकते. सरकते यंत्र ही किरकोळ गैरसोय नाही: दुखऱ्या गुडघ्याचा माणूस नकळत खुर्चीच्या कडेला येऊन पाय ताणू लागतो, कंबर वाकते आणि व्यायामाचा फायदा होण्याऐवजी पाठ धरते. खाली रबरी चटई घालावी आणि सायकलचा मागचा दांडा पट्ट्याने खुर्चीच्या पायांना बांधावा, म्हणजे हा दोष बराचसा जातो.

दुसऱ्या प्रकारात जडपणा चुंबकाने निर्माण होतो. हे यंत्र वजनाला जास्त, उचलायला अवघड, पण फिरायला कितीतरी मऊ असते. पेडल वरच्या टोकाला अडखळत नाही आणि आवाजही जवळजवळ होत नाही. झिजलेल्या गुडघ्याला झटका सोसत नाही, म्हणून ज्याला परवडेल त्याने हाच प्रकार घ्यावा असे मी ठामपणे सांगेन. फक्त घरात ते उचलून जागेवर ठेवणारे दुसरे कुणी आहे का, हे आधी पाहावे.

तिसरा प्रकार मोटरचा. ज्यांच्या पायांत स्वतःची ताकद नाही किंवा अगदी कमी आहे, त्यांचे पाय मोटर फिरवते. सांधे आखडू नयेत आणि हालचालीची कक्षा टिकावी यासाठी याचा चांगला उपयोग होतो. मात्र पाय मोटरने फिरत असताना स्नायू काम करत नाहीत, त्यामुळे त्याने ना वजन उतरते ना स्नायू भरतात. तरीही पडद्यावर कॅलरीचा आकडा वाढतच राहतो, आणि खरेदी करणाऱ्याची यात खरोखर फसगत होते. ज्यांच्या पायांत अचानक आकडी येते त्यांनी साधे मोटर यंत्र घेऊ नये. आकडी ओळखून थांबणारी किंवा उलट दिशेने फिरणारी उपचारासाठीची यंत्रे वेगळी मिळतात, आणि ती फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच निवडावीत.

कोणतेही यंत्र असो, बसण्याची रीत सर्वांत महत्त्वाची. खुर्ची बिनचाकांची, पाठ असलेली आणि भिंतीला टेकवलेली हवी. व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लावलेले असावेत आणि ती मागे उलटणार नाही याची खात्री करावी. पेडल सर्वांत दूर गेले असताना गुडघा किंचित वाकलेलाच राहिला पाहिजे. जवळ आले असताना तो फार वर येत असेल तर यंत्र पुढे सरकवावे किंवा उंच खुर्ची घ्यावी, विशेषतः ज्यांच्या खुब्याचा सांधा बदललेला आहे आणि ज्यांना काटकोनापेक्षा जास्त वाकण्याची मनाई आहे त्यांनी. पायाला संवेदना नसेल तर पट्टा सैलसर बांधावा आणि व्यायामानंतर पाऊल, टाच व बसण्याची जागा लालसर झाली आहे का हे रोज तपासावे, कारण अशा त्वचेला झालेली इजा दुखत नाही आणि दुखत नाही म्हणूनच ती वाढते.

हातांनी पेडल फिरवणाऱ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. तेवढ्याच श्रमाला पायांपेक्षा हातांच्या व्यायामात हृदयाचे ठोके आणि रक्तदाब जास्त वाढतात, म्हणून सुरुवात अगदी हलक्या जडपणाने आणि थोड्या मिनिटांनी करावी. यंत्राचा मध्य खांद्याच्या उंचीला किंवा त्याच्या किंचित खाली असावा.

रेझिस्टन्स बँडबद्दल माझ्याजवळ तक्रारी कमी आणि कौतुक जास्त आहे. ते खिशात मावतात, पडले तरी पायावर इजा होत नाही, आणि पकड कमजोर असलेल्या हाताला मनगटाभोवती पट्टा लावून वापरता येतात. अंग बांधेसूद दिसण्याचे जे फळ लोकांना हवे असते, ते मला सायकलपेक्षा बँडमुळे अधिक मिळाले. पोटावर किंवा दंडावर व्यायाम केल्याने तिथलीच चरबी जात नाही, ती शरीर आपल्या क्रमाने सगळीकडून काढते. परंतु खाली स्नायू भरलेला असेल तर चरबी उतरल्यावर तो भाग घट्ट दिसतो. जे दिवसभर स्वतःची व्हीलचेअर हातांनी ढकलतात त्यांचे खांदे ढकलण्याने अनेकदा आधीच झिजलेले असतात, म्हणून त्यांनी बँड ढकलण्यापेक्षा मागे खेचण्याचे व्यायाम जास्त करावेत: बँड दाराच्या मजबूत कडीला अडकवून, कोपरे अंगाजवळ ठेवून, पाठीवरची खांद्यांची दोन्ही हाडे एकमेकांकडे आणत.

बँडचा रंग त्याची ताकद दाखवतो, पण हे रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात; दुसऱ्या कंपनीचा घेताना त्याच रंगाचा मागवून समाधान मानू नये. ज्या बँडने १० ते १५ वेळा खेचल्यावर थकवा येतो पण हालचाल बिघडत नाही, तो आपला. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर बिनलॅटेक्सचे बँड मागावेत. प्रत्येक वेळी बँड प्रकाशात धरून त्यावर बारीक चीर नाही ना हे पाहावे, कारण ताणलेला बँड तुटला तर तो थेट चेहऱ्यावर येतो. खेचताना श्वास रोखू नये, रोखल्यास रक्तदाब एकदम चढतो. जोर लावताना श्वास सोडावा.

श्रम किती व्हावेत हे नाडीच्या ठोक्यांवरून ठरवण्याची पद्धत बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना लागू पडत नाही, कारण त्या ठोके पुरेसे वाढू देत नाहीत. त्यापेक्षा बोलता येते पण गाता येत नाही इतका दम लागावा, ही खूण सोपी आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खाणे कमी करण्यापूर्वीच डॉक्टरांकडून डोस तपासून घ्यावा. छातीत दुखणे, चक्कर, किंवा एकाच पोटरीला आलेली सूज व उष्णता दिसल्यास व्यायाम तिथेच थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर घट्ट पट्टा किंवा भरलेले मूत्राशय एवढ्यानेही रक्तदाब धोकादायक वाढू शकतो; अचानक ठणकणारे डोके आणि चेहऱ्यावर घाम ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ताठ बसवून पट्टे सैल करणे, लघवीसाठी लावलेली नळी अडली आहे का ते पाहणे आणि मदत बोलावणे या गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात.

प्रगती मोजण्यासाठी यंत्राच्या पडद्यापेक्षा कमरेभोवतीची मोजपट्टी जास्त विश्वासाची आहे. उभे राहता येत नसेल तर काही रुग्णालयांत व्हीलचेअरसह वजन करून खुर्चीचे वजन वजा करता येते. ज्यांचे पाय दीर्घकाळ निष्क्रिय आहेत त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, त्यामुळे उंची-वजनाचा नेहमीचा निर्देशांक ठीक दिसला तरी चरबी जास्त असू शकते. माझ्या बाबतीत वजनाचा आकडा हळूहळू उतरला, पण खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठणे त्याच्या बरेच आधी जमू लागले, आणि गुडघ्यांवरचा भार हलका झाल्याचेही जाणवू लागले.

एकच वस्तू घेता येत असेल तर वेगवेगळ्या ताकदीच्या बँडचा संच घ्यावा. दोन्ही शक्य असतील तर सोबत चुंबकाची सायकल घ्यावी. खुंटीची सायकल केवळ हातांच्या व्यायामासाठी, टेबलावर घट्ट बसवून, चालेल. मोटरचे यंत्र वजन उतरवण्यासाठी घेऊ नये. नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, हाडे ठिसूळ झालेली किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेली व्यक्ती असेल तर खरेदीपूर्वी फिजिओथेरपिस्टला दाखवून, पहिले काही व्यायाम त्यांच्या नजरेखालीच करावेत.