ॲनोटेटेड ॲलिस, बावन्नाव्या वर्षी

लहानपणी मला 'ॲलिस इन वंडरलँड'मधली ॲलिस अजिबात आवडली नव्हती. शाळेच्या लायब्ररीत तिची एक संक्षिप्त आवृत्ती होती, त्यात सारखं कोणी ना कोणी तिच्यावर खेकसतंय, कशाचा कशाला पत्ता नाही आणि शेवटी म्हणे सगळं स्वप्न, मग अर्ध्यावर ठेवलं ते थेट आत्ता हातात घेतलं, तेही लेक नोकरीसाठी बंगलोरला गेली आणि तिच्या कपाटात मार्टिन गार्डनरचं 'द ॲनोटेटेड ॲलिस' सापडलं म्हणून.

गार्डनर म्हणजे सायंटिफिक अमेरिकनमध्ये गणिती करमणुकीचं सदर लिहिणारा माणूस, आणि ॲलिसचा लेखक लुईस कॅरल, खरं नाव चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणित शिकवायचा, त्यामुळे जोडी मस्त जमलीय. पुस्तक पहिल्यांदा १९६० साली आलं, नंतर वाढवलेल्या आवृत्त्या निघाल्या. १८६५ चं 'वंडरलँड' आणि त्यानंतरचं 'थ्रू द लुकिंग-ग्लास', दोन्ही अख्खी, टेनियलच्या मूळ चित्रांसकट, आणि समासात टिपा.

टिपांची गंमत सांगते. ॲलिसला शंका येते की आपण आपणच आहोत का, म्हणून ती पाढा म्हणून बघते, तर तोंडातून येतं चार पंचे बारा, चार सक तेरा, आणि मग म्हणते या वेगाने मी वीसपर्यंत पोचणारच नाही. लहानपणी वाटलं होतं, चुकलीये बिचारी. टीप सांगते की तिकडे पाढा बारापर्यंतच, म्हणजे याच चालीने चार बारे एकोणीस, तिथेच संपलं. आणि दुसरा अर्थ त्याहून भारी. दहाच्या जागी अठराचे गठ्ठे केले तर चार पंचे वीस म्हणजे एक गठ्ठा आणि वर दोन, लिहायचे १२. पुढे एकवीसचे गठ्ठे केले की चार सक चोवीस होतात १३. दर वेळी गठ्ठा तीनने वाढवायचा. मी चहा गार होईपर्यंत वहीत मांडत बसले, एकोणचाळीसच्या गठ्ठ्यात अठ्ठेचाळीस बरोब्बर १९ येतात, आणि पुढच्या पायरीला बेचाळीसच्या गठ्ठ्यात बावन्न काही केल्या २० होत नाहीत, दोन गठ्ठे लागतात आणि आहे एकच, वर दहा! मुलगी खरंच वीसपर्यंत पोचत नाही. ज्याला मी नुसता वेडेपणा समजत होते तो किती काटेकोर आहे हे तिथे कळलं.

अवघड गोष्टही आहे. बऱ्याच कविता त्या काळच्या मुलांना पाठ असलेल्या उपदेशपर कवितांची विडंबनं आहेत. आयझॅक वॉट्सची कष्टाळू मधमाशी इथे दात विचकणारी मगर होते, आणि मूळ कविता माहीत नसेल तर आपल्याला त्यात काय हसायचं कळत नाही, गार्डनर मूळ कविता शेजारी देतो तेव्हा कुठे मजा येते. विंदांच्या 'एटू लोकांचा देश'ला असलं काही लागत नाही, ते आपल्याच जिभेवरचं. शब्दांच्या कोट्या तर मराठीत सांगताच येत नाहीत.

तक्रार एवढीच की टिपा बारीक अक्षरात आहेत आणि डोळा सारखा तिकडे पळतो, गोष्ट तुटते. मी समास पोस्टकार्डाने झाकून एक एक प्रकरण सलग वाचायचे आणि मग टिपा, तुम्हीही तसंच करा. विकत घ्यायचं तर हेच घ्या, नुसतं चित्रांचं नको.

आणि दुसऱ्या पुस्तकातला पांढरा घोडेस्वार सोडू नका. म्हातारा, सारखा घोड्यावरून पडणारा, तो ॲलिसला शेवटच्या ओढ्यापर्यंत सोडायला येतो आणि म्हणतो, मी त्या वळणापर्यंत जाईस्तोवर थांब, रुमाल हलव, मला जरा धीर येईल. तिला पुढे जाऊन राणी व्हायचंय, तरी ती थांबते. बरेच जण म्हणतात हा घोडेस्वार म्हणजे कॅरल स्वतःच. तो हळूहळू लांब जातो, मध्ये चार-पाचदा पडतो, परत चढतो. लहानपणी मलाही ओढा ओलांडायची घाई झाली असती, आत्ता मात्र तो वळणाआड जाईपर्यंत पान उलटवेना.